कॅरावॅनचे शॉकॲब्सॉर्बर नेमकं करतात काय?

मेलबर्नच्या मित्राने गेल्या आठवड्यात फोटो पाठवला. कॅरावॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर, स्टँडवर चढवलेली, चाकं काढलेली, आत नवे कोरे चार शॉकॲब्सॉर्बर. खाली मेसेज, "आता दोनशे किलो जास्त टाकता येईल ना?"

नाही टाकता येणार. ऑस्ट्रेलियात कॅरावॅनच्या प्लेटवर एटीएम लिहिलेलं असतं, पैशाचं नव्हे, सामानासकट कॅरावॅनचं कमाल वजन. ते ॲक्सल, चेसिस, टायर, ब्रेक, कपलिंग या सगळ्यांचा विचार करून ठरलेलं असतं, एक पार्ट बदलला म्हणून वाढत नाही. आणि मुळात वजन पेलते स्प्रिंग. शॉकॲब्सॉर्बर जवळजवळ काहीच पेलत नाही.

मग करतो काय? रंगपंचमीची पिचकारी आठवा. हळू दाबली तर पाणी सहज जातं, जोरात दाबली की हाताला विरोध जाणवतो. शॉकॲब्सॉर्बरमध्ये पाण्याच्या जागी तेल आणि दट्ट्याला बारीक भोकं, बाकी तेच. स्प्रिंग खड्ड्याची ऊर्जा साठवते आणि लगेच परत फेकते, ठेवून काही घेत नाही. ती ऊर्जा कुठेतरी खर्च व्हायला हवी नाहीतर घर डुलतच राहील, तर ती तेलात उष्णता होऊन जाते. जुन्या पद्धतीच्या, पाट्यांच्या स्प्रिंगवर (लीफ स्प्रिंग) बसवलेल्या कॅरावॅनला बऱ्याचदा शॉकॲब्सॉर्बर नसतोच, तिथे पाटे एकमेकांवर घासतात तेवढंच डॅम्पिंग, म्हणजे झोके जिरवणं.

आता थोडं गणित, कंटाळा आला तर पुढचा पॅरा सोडा.

उभ्या कॅरावॅनची स्प्रिंग वजनाने १० सेंमी दबली असेल तर ९.८ ला (गुरुत्वाकर्षणाचा आकडा) ०.१ ने (१० सेंमी, मीटरमध्ये) भागा, वर्गमूळ काढा, ६.२८ ने भागा: सेकंदाला साधारण १.६ झोके. जास्त कडक स्प्रिंग लावली, ५ सेंमीच दबली, तर २.२. आता वायव्य ऑस्ट्रेलियाच्या किंबर्ली भागातल्या गिब रिव्हर रोडसारखा कच्चा रस्ता घ्या, डर्बीपासून सुमारे ६६० किमी, मध्येमध्ये धुण्याच्या फळीसारख्या आडव्या लाटा. दोन लाटांत ८० सेंमी आणि वेग ताशी ७२ किमी धरला तर सेकंदाला २५ दणके, तासाला ९० हजार. १.६ वाली बॉडी एवढ्या वेगाने हलूच शकत नाही, ती जवळपास जागेवर राहते आणि खाली चाक थडथडतं. पण डॅम्पिंग गरजेपेक्षा कडक केलं तर तोच दट्ट्या ही थडथड वर घरात पोचवतो, कपाटातले कप फुटतात. म्हणजे 'जितकं कडक तितकं भारी' हे काही खरं नाही.

आणि हे सगळं तापतं किती? समजा एका दिशेच्या २ सेंमी हालचालीला सरासरी ५०० न्यूटन विरोध, म्हणजे १० जूल. वर-खाली मिळून २०. गुणिले २५, झाले ५०० वॉट. एकेका शॉकॲब्सॉर्बरमागे अर्धी इस्त्री तासन्‌तास चालू! तेल पातळ होतं, फेस धरतं, विरोध कमी होतो, याला फेड म्हणतात. म्हणून चांगल्या शॉकॲब्सॉर्बरमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरतात, तेलाला फेस कमी येतो. काही ठिकाणी एका चाकाला दोन-दोन लावतात, उष्णता वाटली जाते. आणि फुकटचा उपाय म्हणजे वेग कमी करणं, टायरमधली हवाही थोडी उतरवणं.

'एकदा बसवा, आयुष्यभर विसरा' असली जाहिरात दिसली की मला मित्राने हुकला बांधलेली लिंबू-मिरची आठवते. ती निदान स्वस्त तरी आहे. आणि सगळं जड सामान मागे कोंबलं म्हणून मागचं घर झोकांड्या खात असेल तर ते नव्या शॉकॲब्सॉर्बरनेही थांबणार नाही आणि लिंबानेही.

त्याला म्हटलं, अशा लाटांवर तासभर चालवून थांब आणि चारही शॉकॲब्सॉर्बरजवळ हात ने, चिकटवू नको, भाजेल. तीन गरम आणि एक गार लागला तर गारवाल्याचं कौतुक करू नको, त्याचं तेल गळून गेलेलं असणार. कामच करत नाहीये तो.