आपत्कालीन महाधमनी शस्त्रक्रियेची चाचणी : मंजुरी कुठे अडते?

महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फाटलेला रुग्ण रात्री दोनला येतो. चाचणीला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीची बैठक मात्र ठरलेल्या दिवशीच होते. म्हणून सगळ्या परवानग्या आधीच हातात हव्यात. तरीही चाचणीचे प्रस्ताव परत येतात, आणि कारणं बहुधा तीच असतात.

आधी ठरवा, नवीन काय आहे? मान्यताप्राप्त ग्राफ्ट (कृत्रिम रक्तवाहिनी) त्याच्या मंजूर वापरासाठीच वापरून फक्त तंत्र बदलत असाल, तर नोंदणीकृत एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयवर (भारतातल्या चाचण्यांची सरकारी ऑनलाइन नोंदवही) नोंदणी हवी. स्टेंटग्राफ्टच (रक्तवाहिनीच्या आतून बसवायचा, जाळीचा आधार असलेला ग्राफ्ट) नवा असेल तर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांप्रमाणे एमडी-२२ हा अर्ज भरून केंद्र सरकारची परवानगीही घ्या. ती मिळाल्यापासून वर्षभरात पहिला रुग्ण घेतला नाही, तर पुन्हा परवानगी मागावी लागते.

प्रोटोकॉल (चाचणीचा लेखी आराखडा), बायोडेटा, जीसीपी (चाचणी चालवण्याचे नियम शिकल्याचं) प्रमाणपत्र, विमा, बजेट हे कमिटीच्या यादीप्रमाणे जोडा.

खरी गोची संमतीपत्राची. सहीची जागा फक्त रुग्णासाठी, आणि रुग्ण रक्तदाब कोसळून शॉकमध्ये! कायदेशीर प्रतिनिधीची सही, नातेवाईक निरक्षर असल्यास निःपक्षपाती साक्षीदार, रुग्ण सावरल्यावर त्याची स्वतःची संमती, त्याने नकार दिला तर माहितीचं काय करणार, हे सगळं लिहा. नातेवाईकच नसेल आणि संमती नंतर घ्यायची असेल, तर ती मुभा कमिटीकडून आधी मागावी लागते. ‘नंतर संमती घेऊ’ एवढं वाक्य पुरत नाही. आणि ट्रॉलीशेजारी थरथरत उभ्या असलेल्या मुलाला बारा पानं देऊ नका. पहिलं पान साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत करा.

दुसरा प्रश्न हमखास येतो : जुनी पद्धत असताना नवी कशाला? ‘आमचा अनुभव चांगला आहे’ हे उत्तर नव्हे. ब्रिटनच्या इम्प्रूव्ह चाचणीत पोटातली महाधमनी फुटल्याचा संशय असलेले ६१३ रुग्ण होते. तीस दिवसांतले मृत्यू स्टेंटग्राफ्टच्या गटात ३५.४ टक्के, उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ३७.४ टक्के. कोणती पद्धत सरस, हे खरोखरच ठरलेलं नाही असं दाखवणारा आधार तुमच्या प्रस्तावातही लागतो.

सीटीआरआयवर ‘सबमिट’ दाबलं की नोंदणी झाली, असं कित्येक निवासी डॉक्टर धरून चालतात. तिकडून शंका येतात, उत्तरं द्यावी लागतात, मग क्रमांक मिळतो. त्याआधी एकही रुग्ण घेऊ नका. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही, प्रबंधाची तारीख कितीही जवळ आलेली असो. कमिटीच्या पत्रावरचं शीर्षक प्रोटोकॉलशी अक्षरशः जुळतं का, तेही पाहा.

‘या आजारात मृत्यू अपेक्षितच असतो’ म्हणून काही जण तो कळवतच नाहीत. प्रत्येक मृत्यू २४ तासांत कमिटीला कळवायचा, रविवार असला तरी.