समच्छेद

वेगवेगळ्या छेदांचे अपूर्णांक किंमत न बदलता एकाच छेदावर आणणं म्हणजे समच्छेद, त्याशिवाय बेरीज-वजाबाकी होत नाही. अंश वर, छेद खाली हे सगळ्यांना पाठ असतं, पण छेद सांगतो तुकडा केवढा आणि अंश सांगतो असे तुकडे किती, एवढं डोक्यात बसलं की बाकीचं आपोआप येतं.

कोल्हापूरकडं शेतीच्या वाटण्यांत हे पिढ्यानपिढ्या चालत आलंय. जुन्या सातबाऱ्यावर हिस्सा आणे-पैमध्ये असायचा, १६ आण्यांची पूर्ण जमीन आणि १२ पैचा आणा, म्हणजे सगळं मिळून १९२ पै. समजा करवीर तालुक्यात १ एकर ८ गुंठ्यांचं रान आहे, त्यात एकाचा वडिलोपार्जित १/३ आणि चुलत्याकडनं घेतलेला १/८. १/३ म्हणजे ५ आणे ४ पै, १/८ म्हणजे २ आणे, बेरीज ७ आणे ४ पै, म्हणजे ८८/१९२. मसावि ८, त्यानं वर-खाली भागलं की ११/२४, म्हणजे ४८ गुंठ्यांपैकी बरोबर २२ गुंठे. १९२ हा तयार समान छेदच होता, फार सोयीचा, फक्त पाच भाऊ असले की अडायचं.

समच्छेदाची ही रीत कधीची यावर एकमत नाही. १८८१ साली पेशावरजवळ बख्शाली गावात सापडलेल्या भूर्जपत्रांत अपूर्णांकांची बरीच गणितं आहेत, पण काळाचा वाद मोठा, कुणी इसवी सनाचं तिसरं-चौथं शतक म्हणतं, कुणी थेट बारावं. २०१७ मध्ये ऑक्सफर्डनं तीन पत्रांची कार्बन चाचणी जाहीर केली तर तिसरं-चौथं, आठवं आणि नववं-दहावं शतक असे तीन काळ निघाले. मजकूर एकसंध दिसतो म्हणून तो सगळ्यात उशिराच्या पत्राच्या आधीचा नसावा हे काही अभ्यासकांचं म्हणणं जास्त पटतं. महावीराचार्यांच्या गणितसारसंग्रहात (साधारण ८५०) मात्र लसाविला ‘निरुद्ध’ असं स्वतंत्र नावच आहे. भास्कराचार्यांच्या लीलावतीत (११५०) दोन्ही वाटा दिल्यात, एकमेकांच्या छेदानं गुणा, किंवा छेदांना आधी सामाईक अवयवानं भागून मग गुणा. छेद ६ आणि ८ असतील तर २ नं भागून ३ आणि ४, मग ६×४ आणि ८×३, दोन्हीकडं २४. पहिल्या वाटेनं ४८ येतो, तोही चूक नाही, नुसती आकडेमोड वाढते, त्यामुळं पोरानं ४८ घेतला तर त्याला फुली मारू नये.

अंश-छेदांमधली आडवी रेघ जुन्या भारतीय ग्रंथांत नाही, ती अरबी गणितातनं, बहुधा बाराव्या शतकात आली असं मानतात.

शब्दांत पाऊण म्हणजे पादोन, सव्वा म्हणजे सपाद, अडीच अर्धतृतीयवरनं आणि औट (साडेतीन) अर्धचतुर्थवरनं आलेत. औटकी आता पाढ्यांतनं गेली, अडीच मात्र कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर रोज ऐकू येतं.