मोहल्ला कमिटी ते मालवणी: परतीच्या वाटेची पार्श्वभूमी

तरुणांना कट्टरतेपासून रोखायचं आणि वाट सोडून गेलेल्यांना पुन्हा घरात, वस्तीत आणायचं, यासाठी मुंबईत आज जे काही चालतं त्याची सुरुवात शोधत गेलं तर आपण दहशतवादविरोधी पथकाच्या (एटीएस) कार्यालयात पोहोचत नाही. पोहोचतो ते भिवंडीच्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत.

भिवंडी १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या निमित्ताने पेटली. चौकशीसाठी न्यायमूर्ती मादन आयोग नेमला गेला, अहवालही आला, आणि १९८४ मध्ये गाव पुन्हा पेटलं. सुरेश खोपडे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले, तेव्हा शांतता समित्या नव्हत्या असं नाही. पण त्यांत बसायचे पुढारी. सणाच्या तोंडावर बैठक व्हायची, चहा व्हायचा, आणि ज्यांच्याशी बोलायला हवं ती माणसं बैठकीच्या खोलीबाहेरच राहायची. खोपड्यांनी पुढाऱ्यांना बाजूला ठेवलं. वस्तीवस्तीत मिळून सुमारे सत्तर मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. त्यांत हिंदू आणि मुसलमान बरोबरीने, आणि सदस्य म्हणून साधी रोजच्या व्यवहारातली माणसं. कमिटीची जबाबदारी त्या भागातल्या कनिष्ठ पोलिसांवर टाकली. बैठकीत दंगलीवर भाषणं होत नसत. शेजाऱ्यांची भांडणं, पाण्याचे वाद, घरगुती कुरबुरी असल्या गोष्टी तिथेच मिटवल्या जात. पोलिसाशी पहिली ओळख अटकेच्या वेळी होण्याऐवजी आधीच झालेली असायची, यात सगळं आलं.

६ डिसेंबर १९९२ ला बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबई जळत होती आणि भिवंडी शांत राहिली. मुंबईत डिसेंबर आणि जानेवारी मिळून ९०० माणसं मेली. त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीनुसार त्यांत ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू होते. मग १२ मार्च १९९३ चे साखळी स्फोट झाले, त्यांत २५७ बळी गेले. भिवंडीकडे मुंबईचं लक्ष गेलं ते एवढी किंमत मोजल्यावर. पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने शहरात मोहल्ला कमिट्यांची चळवळ सुरू झाली. तरुण आणि पोलीस एका मैदानावर यावेत म्हणून क्रिकेटचे सामने भरवले गेले. धारावीत भाऊ कोरडे आणि वकार खान यांनी चार धर्मांच्या वेशातल्या मुलांचं ‘हम सब एक हैं’ हे पोस्टर घरोघर पोहोचवलं. त्या पोस्टरला भाबडं म्हणणारे तेव्हाही होते. पण धारावीत तेव्हा शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने बघत होता, आणि ते काम करायला दोघे एकत्र दारोदार फिरले, हे पोस्टरपेक्षा मोठं होतं.

या कमिट्यांची कमजोरीही जन्मजात होती. साहेबाला रस असेल तोवर कमिटी जागी, साहेबाची बदली झाली की ती सुस्त. पोलीस ठाण्याच्या मर्जीवर उभी राहिलेली संस्था त्या मर्जीइतकीच टिकते.

पुढे प्रश्नाचं रूप पालटलं. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या गटाबरोबर बगदादला गेले आणि तिथून इस्लामिक स्टेटकडे वळले. ते मशिदीतून किंवा गल्लीतून भरती झाले नव्हते. मोबाइल आणि इंटरनेटने ते काम केलं होतं, आणि मोहल्ल्याला त्याची कुणकुणही नव्हती. मुलं बेपत्ता झाल्याचं पोलिसांना सांगितलं ते घरच्यांनी. त्यांतला एक नोव्हेंबर २०१४ मध्ये परतला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने (एनआयए) त्याला अटक केली. विशेष न्यायालयाने २०२० मध्ये दिलेला जामीन उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कायम ठेवला, खटला लांबत चालल्याचं कारण देऊन. तोवर सहा वर्षांहून जास्त काळ तुरुंगात गेला होता.

२०१५ च्या अखेरीस मालाडच्या मालवणीतूनही काही तरुण निघून गेले. तिथेही आधी बोलले ते घरचे लोक, आणि दोघे परतले. त्या प्रकरणात दुसऱ्याच दोन आरोपींनी गुन्हा कबूल केला. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा दिली.

मालवणीनंतर लगेच, २०१६ च्या सुरुवातीला, राज्य सरकारने कट्टरतामुक्तीचा कार्यक्रम आखला. अनेक खात्यांना कामं वाटून दिली: शाळा, खेळ, कौशल्य प्रशिक्षण. एटीएसने समुपदेशन हाती घेतलं, मौलाना आणि घरच्यांना सोबत घेतलं. शंभराहून अधिक तरुणांना मागे वळवल्याचं अधिकाऱ्यांनी पुढे सांगितलं. तुरुंगापेक्षा हे बरं, यात वाद नाही. पण भिवंडीत गटार-नळाच्या प्रश्नातून ओळख झाली होती. इथे ओळख सुरू झाली ती पाळतीत सापडलेल्या नावापासून. आपलं पोरगं यादीत आहे हे कळलेला बाप एटीएसच्या माणसापुढे कितपत मोकळा होईल?

दुसरी अडचण नजरेची. कार्यक्रम आखला गेला तो अल्पसंख्याक वस्त्यांकडे बघून. दोनच वर्षांनी, ऑगस्ट २०१८ मध्ये, त्याच एटीएसने नालासोपाऱ्यातून गावठी बॉम्ब जप्त केले आणि हिंदुत्ववादी गटांशी संबंधित तरुणांना अटक केली. त्यांच्या वस्तीत समुपदेशक पाठवण्याची चर्चा फारशी कानावर आली नाही.

परतणाऱ्यासाठी लेखी वाट या राज्यात एकाच ठिकाणी आहे, ती गडचिरोलीत. २००५ पासून नक्षलवाद्यांसाठी आत्मसमर्पण योजना चालू आहे. रोख मदत, घर, रोजगार असं तिचं स्वरूप. सहाशेहून अधिक जणांनी तिचा आधार घेतला. ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती हा वरिष्ठ माओवादी नेता ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शरण आला. परदेशातल्या लढाईतून कल्याण-मालाडला परतणाऱ्या मुलासाठी अशी वाट नाही. त्याच्यापुढे असतो यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखालचा खटला, आणि मुलाला परत बोलवायचं की नाही हे ठरवताना घरच्यांना तेवढंच दिसतं.

आणखी काही जण परतले, पण त्यांना कोणी ‘परतलेले’ म्हणत नाही. ११ जुलै २००६ च्या लोकलगाड्यांमधल्या स्फोटांच्या खटल्यात एक शिक्षक नऊ वर्षांनी, २०१५ मध्ये, निर्दोष सुटला. उरलेल्या बारा जणांना फाशी किंवा जन्मठेप झाली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या सर्वांना निर्दोष ठरवलं. एकाचा तोवर तुरुंगातच मृत्यू झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल दाखला म्हणून वापरण्यास स्थगिती दिली, पण सुटलेल्यांना पुन्हा आत पाठवलं नाही. १९ वर्षांनी बाहेर आलेल्यांसाठी मोबाइलपासून लोकलच्या तिकिटापर्यंत सगळंच नवं होतं. खटल्यात वकील मिळवून दिले ते जमियत उलेमा या मुस्लीम धर्मगुरूंच्या संघटनेने, आणि सुटल्यावर सांभाळायला पुढे आले ते नातेवाईक.