ग्राहक किंमत निर्देशांक

कुटुंबे उपभोगासाठी विकत घेतात त्या वस्तू व सेवांच्या किमतींत काळागणिक होणारा सरासरी बदल दर्शविणारा निर्देशांक. देशाचा भाववाढीचा दर सामान्यतः यावरूनच काढतात. चालू महिन्याचा निर्देशांक गतवर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा शेकडा किती वाढला, तो वार्षिक दर होय.

उगमाबद्दल एकमत नाही. इंग्लंडमध्ये विल्यम फ्लीटवुड यांनी 1707 मध्ये एका नेमक्या प्रश्नातून हा विचार मांडला. एका महाविद्यालयाच्या पंधराव्या शतकातील नियमानुसार सालीना 5 पौंडांहून अधिक उत्पन्न असणाऱ्यास अधिछात्रपद (महाविद्यालयातील वेतनधारी सदस्यत्व) सोडावे लागे. ही मर्यादा अडीच शतकांनंतरही शब्दशः पाळावी काय? उत्तरासाठी त्यांनी धान्य, मांस, पेय व कापड यांचे जुने-नवे भाव ताडून पाहिले. फ्रान्समध्ये द्युतो यांनी 1738 मध्ये किमतींच्या बेरजांची तुलना केली. इटलीत कार्ली यांनी 1764 मध्ये धान्य, मद्य व तेल यांच्या 1500 व 1750 च्या सुमाराच्या किंमत-गुणोत्तरांची साधी सरासरी काढली. फ्लीटवुड यांनी सूत्र दिले नाही, म्हणून काही अभ्यासक त्यांना केवळ पूर्वसूरी मानतात. तथापि ठरावीक गरजा भागविण्याचा खर्च निरनिराळ्या काळांत मोजण्याची दृष्टी त्यांच्याकडे स्पष्ट दिसते. ग्राहक निर्देशांकापुरता अग्रमान त्यांना देणेच अधिक सयुक्तिक वाटते.

आजचे निर्देशांक बहुधा लास्पेअर (1871) यांच्या पद्धतीच्या कुळातले आहेत. कुटुंबांच्या खर्चाच्या पाहणीवरून प्रत्येक गटाला भार (एकूण खर्चातील त्याच्या वाट्यानुसार महत्त्व) देतात आणि ते भार काही काळ स्थिर ठेवतात. पाशे (1874) यांच्या सूत्रात भार चालू काळाचे असतात. ते वेळेवर मिळत नसल्याने मासिक गणनेत त्याचा उपयोग क्वचितच होतो.

भारांची चर्चा पुष्कळ झाली आहे. पण सर्वांत खालच्या पायरीवर, म्हणजे एकाच गटातील सुट्या वस्तूंच्या किमती एकत्र करताना, जिथे भारच उपलब्ध नसतात, तिथली सरासरीही तितकीच निर्णायक ठरते. एका वस्तूची किंमत 10 वरून 20 झाली आणि दुसरीची 20 वरून 10, असे समजा. कार्ली सूत्राने गुणोत्तरे 2 व 0.5, सरासरी 1.25; म्हणजे 25 टक्के वाढ. पुढच्या महिन्यात दोन्ही किमती पूर्ववत झाल्या तरी पुन्हा 25 टक्के वाढच निघते आणि साखळी निर्देशांक (महिन्यामहिन्याचे बदल एकमेकांस गुणून काढलेला) 100 वरून 156.25 वर जातो, किंमत मात्र एकही बदललेली नसते. जेव्हन्झ यांच्या सूत्रातील भूमितीय मध्यात (गुणोत्तरांच्या गुणाकाराचे मूळ; येथे 2 × 0.5 = 1) हा दोष नाही. युरोपीय संघाच्या समन्वित (सर्व सदस्य देशांसाठी एकसारख्या पद्धतीच्या) निर्देशांकात कार्ली सूत्र सर्वसाधारणपणे वर्ज्य आहे. अमेरिकेने 1999 पासून बहुतेक मूलभूत गटांसाठी भूमितीय मध्य स्वीकारला. ब्रिटनच्या किरकोळ किंमत निर्देशांकाने 2013 मध्ये ‘राष्ट्रीय सांख्यिकी’ हा दर्जा गमावला, त्यामागे मुख्यतः हेच कारण होते.

महागलेली वस्तू सोडून ग्राहक स्वस्त पर्यायाकडे वळतो, हे स्थिर भारांत उमटत नाही. शिवाय वस्तूचा दर्जा सुधारल्यास किंमतवाढीतला कोणता भाग सुधारणेचा, हे वेगळे काढावे लागते. त्यासाठी गुणविशेषांवर आधारित समाश्रयण (कोणत्या गुणामुळे किंमत किती बदलते, हे अजमावणारी सांख्यिकीय पद्धत) वापरतात. अमेरिकेतील निर्देशांकाची तपासणी करणाऱ्या बॉस्किन आयोगाने 1996 मध्ये अशा सर्व कारणांनी वार्षिक दर सुमारे 1.1 टक्का-बिंदूंनी फुगतो, असा अंदाज दिला. हा आकडा पुढे वादग्रस्त ठरला.

मालकीच्या घरात राहणाऱ्यांचा निवासखर्च कसा धरावा, याबाबत देशोदेशी भिन्न प्रथा आहेत. अमेरिकेत तशाच घराला पडले असते ते भाडे गृहीत धरतात. युरोपीय संघाच्या मुख्य निर्देशांकात हा खर्च वगळलेला आहे.