तीन हजार पाव आणि सुडाचा हिशेब

एप्रिल १९४६. न्युरेंबर्गच्या एका बेकरीत रात्री काही माणसं पावाच्या तळाला ब्रशनं सोमल लावत होती. सोमल म्हणजे आर्सेनिक. जवळजवळ तीन हजार पाव माखून झाले. ते जाणार होते अमेरिकेच्या कैदेतल्या एसएस या नाझींच्या सशस्त्र दलातल्या माणसांच्या ताटात. दोन हजारांवर कैदी आजारी पडले, पण कुणी दगावल्याची नोंद नाही.

हे ‘नकाम’ गटाचे ज्यू. हिब्रूत नकाम म्हणजे सूड. म्होरके होते विल्नाचे, म्हणजे आजच्या लिथुआनियातल्या विल्निअसचे, कवी आबा कोव्हनर. जर्मन फौजा १९४१ साली विल्नात घुसल्या आणि शेजारच्या पोनारीच्या जंगलात हजारो ज्यूंना गोळ्या घालून खड्ड्यांत लोटलं गेलं. गटाचा पहिला बेत तर याहून भयंकर होता : जर्मन शहरांच्या पाण्यातच विष, नाझींनी मारलेल्या साठ लाख ज्यूंना साठ लाख जर्मन. विष घेऊन येताना कोव्हनर ब्रिटिशांच्या हाती लागले आणि तो बेत फसला.

सूड इतका गोड का वाटतो? झुरिचच्या संशोधकांनी २००४ साली एक खेळ मांडला. फसवल्या गेलेल्यांना लबाडाला दंड करता येई, कधी पदरचे पैसे मोडून. दंड ठरवताना त्यांच्या मेंदूतला डॉर्सल स्ट्रायटम हा भाग चेतायचा. बक्षिसाची चाहूल लागली की जागा होतो, तोच हा भाग. म्हणजे गोडी असते ती चाहुलीत. पुढे काय होतं, ते केविन कार्ल्समिथ आणि सहकाऱ्यांनी २००८ साली दाखवलं. दंड करून बरं वाटेल, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात दंड करणाऱ्यांनाच, ती संधी न मिळालेल्यांपेक्षा, जास्त वाईट वाटलं. तो लबाड त्यांच्या डोक्यातून जाईना.

पण हे निष्कर्ष पोनारीतून वाचलेल्यांना ऐकवायची माझी हिंमत नाही. खेळात गेले होते चार पैसे, तिथं आई आणि भावंडं गेली. त्यांच्या संतापाला मी चूक म्हणणार नाही. पाण्यातल्या विषाला मात्र म्हणेन. झुरिचच्या खेळात दंड ज्यानं फसवलं त्यालाच होत होता. नळाचं पाणी पिणाऱ्या पोरानं कुणाला फसवलं होतं? साठ लाखांचा आकडा पुरा करायला निघालं की समोरच्याचा चेहराच पुसला जातो.

ज्यूंच्या संहाराची यंत्रणा राबवणारा नाझी अधिकारी आइकमन याच्यावर जेरुसलेममध्ये १९६१ साली खटला चालला, तेव्हा कोव्हनर साक्षीला उभे राहिले. काचेच्या कक्षात आरोपी बसला होता. एकच माणूस, नावानिशी.