दुसऱ्या वेळी मेंदू इशारा वाचतच नाही

मोबाईलवरून खात्यातले पैसे गेले की घरातून, गल्लीतून आणि कधी कधी तक्रार लिहून घेणाऱ्या टेबलापलीकडूनही एकच प्रश्न येतो: "तुले इतलं बी समजत नही का?" समजा, रावेर-यावलकडच्या एखाद्या शेतकऱ्याच्या खात्यात केळीचे पैसे नुकतेच जमा झाले आहेत. व्हॉट्सॲपवर 'पीएम किसान'च्या नावाने एक एपीके फाइल, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल, येते. उघडताना फोन दोन-तीनदा इशारा देतो. तो 'ओके', 'अलाउ' दाबत पुढे जातो आणि खातं रिकामं होतं. मग सगळे म्हणतात की माणूस बेफिकीर, इशारा दिला होता, वाचला नाही. हा न्याय मला मान्य नाही. इशारा न वाचणं हा स्वभावदोष नसून मज्जासंस्थेचा धर्म आहे, आणि तो मोजता येतो.

हे मोजणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात लॉरी क्रेनर यांनी २००४ मध्ये अशी एक सुरू केली. तिथला मुख्य प्रश्न असा, की सुरक्षेची सोय माणसाच्या हातात पडल्यावर तिचं काय होतं? या अभ्यासाची पायाभरणी १९९९ च्या एका प्रयोगाने झाली. आल्मा व्हिटन आणि डग टायगर यांनी बारा जणांना ई-मेल सांकेतिक करणारं त्या काळचं नावाजलेलं सॉफ्टवेअर दिलं आणि दीड तासाची मुदत ठेवली. साधारण तिघांतल्या एकालाच ते नीट जमलं. सॉफ्टवेअरचं गणित चोख होतं, पण वापरणाऱ्याला ते उमगत नव्हतं.

या अभ्यासातले प्रयोग कसे होतात तेही पाहण्यासारखं आहे. "तुम्ही सावध आहात का?" असं विचारलं तर प्रत्येक जण हो म्हणेल. म्हणून खरा हेतू आधी सांगत नाहीत. कार्नेगी मेलनमध्येच २००८ साली साठ जणांना ऑनलाइन खरेदीच्या अभ्यासासाठी बोलावलं आणि मध्येच त्यांना बनावट दुकानांचे ई-मेल पाठवले. ९७ टक्के लोक निदान एका ई-मेलला फसले. यानंतरचा निकाल जास्त महत्त्वाचा. ज्यांच्या ब्राउझरने काम थांबवून, वाट अडवून इशारा दिला, त्यातल्या ७९ टक्क्यांनी तो मानला. ज्यांच्या ब्राउझरने कडेला नुसती सूचना दाखवली, त्यांच्यातल्या एकाच माणसाने ती मानली. म्हणजे फरक इशाऱ्याच्या रचनेचा होता.

मग सगळेच इशारे वाट अडवणारे का करू नयेत? इथे खरी गंमत सुरू होते, आणि मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. भुसावळला रेल्वे लाइनीला लागून राहणाऱ्यांना रात्रभर धडधडणाऱ्या गाड्यांनी जाग येत नाही, पाहुण्याला मात्र डोळा लागत नाही. विज्ञानात याला सरावणं म्हणतात. एकच उद्दीपन पुन्हा पुन्हा आलं आणि त्यातून काही बरं-वाईट घडलं नाही, की प्रतिसाद घटत जातो.

याचं मूळ मेंदूशास्त्रज्ञ एरिक कँडेल यांनी ॲप्लिसिया या समुद्री गोगलगाईत शोधलं. तिच्या पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीला हलकेच स्पर्श केला की ती कल्ला आत ओढून घेते. स्पर्श करत राहिलं की ओढणं मंदावतं. स्नायू थकतो का? नाही, कारण शेपटीला झटका दिला की तीच हालचाल पुन्हा जोमाने होते. बदल होतो तो स्पर्श टिपणारी संवेदी पेशी आणि स्नायूला हलवणारी प्रेरक पेशी यांच्या सांध्यावर. संवेदी पेशी पूर्वीसारखीच चेतते, पण तिच्या टोकाकडून सोडलं जाणारं रसायन कमी होतं. चेतापेशींत स्मृती कशी साठते यावरच्या कामासाठी कँडेल यांना २००० साली नोबेल मिळालं. गोगलगाईला हे उपयोगाचं आहे. प्रत्येक लाटेला घाबरून कल्ला आत घेत बसली तर ती श्वास कधी घेणार?

माणसाच्या बाबतीत हे पाहायला एमआरआय लागतो. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे ऑक्सिजनयुक्त रक्ताचा ओघ गरजेपेक्षाही जास्त वाढतो. ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन अनुचुंबकीय, म्हणजे चुंबकाकडे किंचित ओढलं जाणारं, असतं आणि आसपासच्या चुंबकीय क्षेत्रात गोंधळ घालतं. ऑक्सिजन धरून असलेलं तसं करत नाही. ताजं रक्त आलं की गोंधळ कमी होतो आणि त्या जागेचा संकेत किंचित वाढतो. ही वाढ काही सेकंद उशिराने आणि अगदी थोडी असते, म्हणून ती बऱ्याच निरीक्षणांतून संख्याशास्त्राने वेगळी काढावी लागते. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये लोकांना या यंत्रात झोपवून सुरक्षेचे इशारे पुन्हा पुन्हा दाखवले. दृश्य समजून घेणाऱ्या भागांतला प्रतिसाद दुसऱ्याच वेळी मोठ्या प्रमाणात घसरला. दहाव्या नव्हे, दुसऱ्या! डोळे इशाऱ्यावर असतात, पण मेंदू जुन्या आठवणीवर भागवतो. त्याच गटाने इशाऱ्याचं रूप दर वेळी बदलून पाहिलं: कधी रंग, कधी आकार, कधी हालचाल. तेव्हा घसरण मंदावली. शेपटीच्या झटक्याशी हे ताडून पाहा.

आता शेतकऱ्याकडे परत येऊ. त्याच्या फोनने आजवर कॅमेरा, संपर्क, लोकेशन मागणाऱ्या कितीतरी चौकटी दाखवल्या आणि 'अलाउ' दाबल्यावर काहीच बिघडलं नाही. धोक्याची चौकट दिसायला तशीच, बटण तिथेच. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१२ मध्ये ॲप घेताना मागितलेल्या परवानग्यांकडे किती जण लक्ष देतात ते तपासलं, तर फक्त १७ टक्के निघाले. फोन लावताना ऐकवल्या गेलेल्या, सायबर फसवणुकीपासून सावध करणाऱ्या कॉलर ट्यूनचं तेच झालं. हेतू उत्तम, पण तोच आवाज, तेच शब्द, रोज.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एटीएमवर पिन उलटा दाबला की पोलीस येतात, हा निरोप अजूनही गावोगाव फिरतो. तो खोटा आहे. ज्याचा पिन २११२ आहे, म्हणजे उलटाही तोच, त्याने काय करायचं, एवढा विचार केला तरी पुरे. 'शंभर टक्के सुरक्षित' अशी जाहिरात करणाऱ्या ॲपवरही याहून जास्त विश्वास ठेवू नये.

रचना बदलली की काय होऊ शकतं याचं आपल्याकडचं चांगलं उदाहरण यूपीआयचं आहे. पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे लोकांना वर्षानुवर्षं सांगून झालं, तरी 'कलेक्ट रिक्वेस्ट', म्हणजे पैसे मागणारी चौकट, पाठवून फसवणूक होतच राहिली. शेवटी २०२५ मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबरपासून व्यक्तीने व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद करण्याचा आदेश काढला. जी चौकट येतच नाही, ती वाचायची राहून जात नाही.

खाजगीपणाचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच आहे. तिकडचे प्रयोग 'एक माणूस, एक फोन' असं धरून चालतात. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर एकच फोन घरभर फिरतो. भारत, पाकिस्तान आणि बांगलादेशातल्या १९९ महिलांशी बोलून २०१८ मध्ये मांडलेल्या एका अभ्यासात दिसलं, की फोन मागितला तर नाही म्हणता येत नाही, म्हणून त्या ॲपला वेगळं कुलूप लावतात किंवा निवडक मेसेज पुसून मग फोन पुढे करतात. शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय दिला. त्या यादीत अहिराणी नाही, भिली नाही, पावरीही नाही.

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. मग इशाऱ्यांची परीक्षाही इथे व्हायला काय हरकत आहे? जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात संगणकशास्त्र आणि मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मिळून हे करावं. त्याला एमआरआय लागणार नाही. दोन स्वस्त फोन घ्यावेत. एकावर नेहमीची इंग्रजी चौकट ठेवावी, दुसऱ्यावर दर वेळी वेगळ्या आवाजात अहिराणीतून बोलणारा इशारा. मग रावेरच्या केळी उत्पादकांना आणि बचत गटाच्या बायांना हे फोन महिनाभर वापरायला द्यावेत आणि कोणत्या फोनवरचे लोक किती दिवसांनी न ऐकताच 'ओके' दाबू लागतात, ते नोंदवावं.