खाजगी जंगलाला किंवा वनहक्काच्या जंगलाला सर्टिफिकेट काढायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि प्रोसेस

बरेच जण विचारतात की आमच्या दोन-चार एकरात साग, ऐन, किंजळ उभा आहे, त्याला ते एफएससीचं (जंगल नीट सांभाळून लाकूड काढल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) नाहीतर सरकारी सर्टिफिकेट काढलं तर भाव मिळेल का आणि अर्ज कुठे करायचा. अर्जाचं काम शेवटी येतं, लोक अडकतात ते त्याच्या आधी, म्हणून तेच जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, सर्टिफिकेट म्हणजे तोडीची परवानगी नाही. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, मोह अशी झाडं आहेत, ती स्वतःच्या सातबाऱ्यात असली तरी वनखात्याच्या रेंज ऑफिसला अर्ज करून परवानगी घ्यावीच लागते, आणि वाहतुकीला पास लागतो तो वेगळा. सर्टिफिकेट फक्त एवढं सांगतं की हे लाकूड कायदेशीर आहे आणि जंगल टिकेल अशा पद्धतीने काढलंय. खाजगी जमिनीतल्या बांबूचं जरा सोपं आहे, २०१७ मध्ये केंद्राने कायदा बदलला तेव्हापासून वनक्षेत्राबाहेरचा बांबू 'झाड' या व्याख्येतून बाहेर गेलाय.

आता कुठलं सर्टिफिकेट? एफएससी आणि पीईएफसी या आंतरराष्ट्रीय योजना आहेत, एक्सपोर्टचे फर्निचरवाले, कागदवाले बहुतेक यातलंच मागतात. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने भारतीय वन आणि लाकूड प्रमाणीकरण योजना आणली, ती भोपाळची आयआयएफएम ही संस्था चालवते आणि त्यात जंगलाबाहेरच्या म्हणजे शेतातल्या, बांधावरच्या झाडांसाठीही वेगळा भाग आहे. सगळ्या ऐच्छिक आहेत, कुणी सक्ती करत नाही. माझं स्पष्ट मत आहे की आधी गिऱ्हाईक शोधा आणि त्याला कुठलं चालतं ते विचारा, नाहीतर कागद भिंतीवर लागेल आणि माल मात्र त्याच जुन्या भावाने वखारीत जाईल.

लाकूड तोडायचंच नसेल आणि हिरडा-बेहडा गोळा करून विकायचा असेल तर फेअरवाइल्ड बघा, म्हणजे रानातून गोळा केलेल्या वनस्पतींसाठीचं सर्टिफिकेट. भीमाशंकर आणि संगमेश्वर भागात एका पुण्याच्या संस्थेच्या मदतीने गावकऱ्यांनी हिरडा-बेहड्यासाठी हे मिळवलंय. तिथल्या बेहड्याच्या जुन्या मोठ्या झाडांच्या ढोलीत धनेश घरटं करतो, म्हणजे झाड उभं राहिलं तर फळाचे पैसेही मिळतात आणि पक्ष्याचं घरही राहतं, मला तरी छोट्या मालकांसाठी हा मार्ग सगळ्यात चांगला वाटतो.

पात्रतेला कमीत कमी क्षेत्राची अशी अट नाही, पण एकट्या दोन एकरवाल्याला ऑडिटचा, म्हणजे प्रमाणन संस्थेच्या तपासणीचा खर्च झेपणारच नाही. म्हणून ग्रुप करायचा. शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी संस्था किंवा ग्रामसभांचा महासंघ ग्रुप मॅनेजर होतो, सर्टिफिकेट त्याच्या नावावर निघतं आणि बाकीचे सभासद. ऑडिटर प्रत्येकाच्या जमिनीवर जात नाही, थोडे प्लॉट निवडून बघतो. एफएससीमध्ये साधारण १०० हेक्टरच्या आतल्या जंगलांना सोपे निकषही आहेत.

कागदपत्रांत सातबारा, आठ अ, गटाचा नकाशा, आधार, ग्रुपशी केलेला करार आणि झाडांची यादी हे तर आहेच. पण कोकणात खरी गोम सामायिक सातबाऱ्यात असते, पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, काही वारलेली आणि वारस नोंद झालेलीच नाही. सगळ्यांचं संमतीपत्र नसेल तर पुढे जाऊच नका, ऑडिटच्या वेळी एका जरी हिस्सेदाराने तक्रार केली तर सगळं तिथेच थांबतं. दुसरं म्हणजे 'इतर हक्क' रकाना नीट वाचा. तिथे 'खाजगी वन' किंवा १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याचा शेरा असेल तर ती जमीन सरकारजमा झालेली असू शकते, त्याचा निकाल महसूल आणि वनखात्याकडून आधी लावून घ्या.

गावच्या सामूहिक वनहक्काच्या, म्हणजे वनहक्क कायद्याने ग्रामसभेला हक्क मिळालेल्या जंगलाला सातबाऱ्याऐवजी हक्कपत्र, ग्रामसभेचा ठराव, वनव्यवस्थापन समितीची स्थापना आणि आराखडा लागतो. ठरावाला निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बायका, हे वनहक्क नियमातच आहे, सह्यांचं पान व्यवस्थित ठेवा. हा हक्क बांबू, तेंदू, मोह, मध अशा गौण वनोपजाचा (लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाचा) आहे, इमारती लाकडाचा नाही, त्यामुळे अर्जात सागाचं नाव टाकू नका. त्या मालाचा वाहतूक पासही वनहक्क नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर समितीच देते.

व्यवस्थापन आराखडा साधाच लिहा पण खरा लिहा. कुठली झाडं, दर वर्षी किती काढणार, परत काय लावणार, वणवा कसा अडवणार, पऱ्याच्या (ओढ्याच्या) काठाला किती पट्टा सोडणार, देवराई कुठे आहे. मजुरांना हेल्मेट, हातमोजे देता का हेही विचारतात.

मग अधिकृत प्रमाणन संस्थेकडे अर्ज, दोन-तीन ठिकाणचं कोटेशन मागवा कारण दर सारखे नसतात आणि ऑडिटरच्या येण्या-जाण्याचा खर्च त्यात धरलाय का ते लेखी घ्या. ऑडिटर कागद बघतो, जंगलात फिरतो, आजूबाजूच्या लोकांशीही बोलतो. त्रुटी निघाल्या तर घाबरू नका, एफएससीत मोठ्या त्रुटीला साधारण तीन महिने आणि छोटीला वर्षभर मिळतं. एफएससीचं सर्टिफिकेट पाच वर्षांचं, पण दर वर्षी ऑडिट होतंच. लाकूड पुढे सॉ मिलमध्ये जाणार असेल तर मिलकडेही चेन ऑफ कस्टडीचं, म्हणजे सर्टिफाइड माल जंगलापासून गिऱ्हाइकापर्यंत वेगळा ठेवून त्याची नोंद ठेवल्याचं सर्टिफिकेट लागतं, नाहीतर साखळी तिथेच तुटते आणि मालावर शिक्का मारता येत नाही, म्हणून सौदा ठरवायच्या आधी मिलवाल्याकडून त्याची कॉपी मागून घ्या.